चोवीस फासे आणि एक खुर्ची

२९ मार्च २०२५ च्या रात्री बेंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर मुंबई सिटीचा संघ ०-५ असा हरला आणि इंडियन सुपर लीगमधून बाहेर पडला. मी खामगावात घरी बसून सामना पाहत होतो. शेवटची शिट्टी व्हायच्या आतच शेगावहून भाच्याचा फोन आला.

"मामा, आता या कोचले हाकललंच पाह्यजे."

"कावून रे?"

"कावून म्हंजे? पाच गोल खाल्ले! अजून काय पाह्यचं बाकी राह्यलं?"

हा कोच म्हणजे पेत्र क्रात्की. याच माणसाने ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर, साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, मोहन बागानला त्यांच्याच घरात ३-१ हरवून मुंबईला चषक मिळवून दिला होता. त्या रात्रीही भाच्याचा फोन आला होता आणि तेव्हा क्रात्की देवमाणूस होता. या दोन फोनांमध्ये ३२९ दिवसांचं अंतर आहे. पुरतं एक वर्षही नाही.

मी बँकेत तीस वर्षं खतावण्या जुळवल्या. आकडा जुळला नाही की माझी जेवणावरची वासना उडते. भाच्याला म्हटलं, उद्या पाडवा आहे, जेवायला ये, आणि येताना एक कोरी वही आण. पाडव्याला श्रीखंड-पुरी झाल्यावर आम्ही दोघं ती वही घेऊन बसलो. त्या दुपारी जे मोजलं, त्याने मीसुद्धा चक्रावलो.

सुरुवात त्याच्या पहिल्या तक्रारीपासून केली. प्रशिक्षकाने चुकीचे अकरा उतरवले, असं त्याचं म्हणणं. क्लबकडे साधारण २५ खेळाडू असतात असं धरू. त्यांतून ११ निवडायचे किती मार्ग? गणित शाळेतलंच आहे. उत्तर येतं ४४,५७,४००.

बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २५,८६,२५८ होती. सिंदखेडराजापासून संग्रामपूरपर्यंत, पाळण्यातल्या लेकरापासून काठी टेकत चालणाऱ्या आजीपर्यंत, तेराही तालुक्यांतल्या प्रत्येक माणसाने आपापला वेगळा संघ सुचवला, कुणाचाही दुसऱ्याशी जुळला नाही, तरीही १८,७१,१४२ संघ असे उरतील की जे कुणाच्याच तोंडून निघालेले नाहीत.

आणि हे फक्त कोण खेळणार एवढंच. कोण कुठे खेळणार हे पुढे. अकरा जणांना अकरा जागांवर उभं करायचे मार्ग ३,९९,१६,८००. दोन्हींचा गुणाकार केला तर सुमारे १७८ लाख कोटी मांडण्या होतात. सेकंदाला एक या वेगाने, रात्रंदिवस न थांबता, नुसत्या मोजायच्या म्हटल्या तरी ५६ लाख वर्षं लागतील.

५६ लाख वर्षं म्हणजे किती, हे आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला सांगायची एक सोय आहे. लोणारचं विवर. अशनी कधी आदळला याबद्दल शास्त्रज्ञांचे दोन अंदाज आहेत. एका पद्धतीने वय पन्नास हजार वर्षांच्या आसपास येतं, दुसऱ्या पद्धतीने ५ लाख ७० हजार वर्षं. मोठा अंदाज धरा. अशनी जमिनीवर आदळला, बेसॉल्ट वितळला, धूळ आभाळभर झाली, त्या क्षणी कुणी विवराच्या काठावर बसून या मांडण्या मोजायला लागला असता, तर आज जेमतेम दहावा हिस्सा मोजून झाला असता.

गोलरक्षकाला कुणी आघाडीला पाठवत नाही, हे खरं. भाच्यानेही लगेच तेच म्हटलं. मग शहाणपणाने मोजलं. ३ गोलरक्षकांतून १, ८ बचावपटूंतून ४, मधल्या फळीच्या ८ जणांतून ३, आघाडीच्या ६ जणांतून ३. तरीही २,३५,२०० संघ होतात. प्रशिक्षक दर आठवड्याला या सव्वादोन लाखांहून अधिक संघांतून एक उतरवतो. उरलेल्या २,३५,१९९ संघांनी काय केलं असतं, ते कधीच कुणाला कळत नाही. जो संघ खेळलाच नाही तो हरतही नाही, म्हणून चाहत्याच्या मनातला संघ कायम अजिंक्य असतो.

भाचा जरा शांत झाला, पण हटला नाही. "मामा, एक मॅच सोडा. सलग हारते तवा तरी कोचचीच चूक ना?"

मग मी लुडोचा फासा काढला.

त्या हंगामात लीगच्या पहिल्या फेरीत १३ संघ होते आणि प्रत्येकाला २४ सामने. नियम असा ठरवला: फाशावर १ किंवा २ पडले तर हार, ३ किंवा ४ ला बरोबरी, ५ किंवा ६ ला विजय. म्हणजे हा संघ सर्वस्वी मध्यम. त्याला ना चांगला प्रशिक्षक, ना वाईट. ना दुखापत, ना रुसवाफुगवा. फासा दर वेळी तोच, टाकणारा हात तोच. भाच्याने २४ वेळा फासा टाकला आणि वहीत खाली खाली लिहीत गेला. नवव्या, दहाव्या आणि अकराव्या टाकाला सलग तीन हारी आल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सांग आता, कुणाला काढायचं?

मग आकडेमोड केली. २४ सामने आणि प्रत्येकाचे तीन निकाल, म्हणजे एका हंगामाचे एकूण २८,२४२ कोटी ९५ लाख ३६ हजार ४८१ वेगवेगळे प्रवास संभवतात. त्यांतल्या सुमारे १२,८०० कोटी प्रवासांत कुठे ना कुठे सलग तीन हारी असतातच. शेकड्यात सांगायचं तर ४५. या निव्वळ फाशाच्या संघाला हंगामात कधीतरी सलग तीनदा हरण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे. सलग चार हारींची शक्यता सहात एक. आणि सलग पाच सामने विजयाविना जाण्याची शक्यता? शंभरात ७३.

हा ७३ चा आकडा मी तीनदा तपासला. पाच सामने जिंकले नाहीत की कुठल्याही क्लबचे चाहते पेटून उठतात, मैदानात फलक लागतात, मालकावर दबाव येतो. आणि इथे तर फासाच खेळतोय! १३ च्या १३ संघ अशा फाशाने खेळवले, तर त्यांतल्या नऊ संघांच्या चाहत्यांना एकाच हंगामात "पाच सामने झाले, एकही विजय नाही, कोच बदलवा" म्हणायची पाळी येईल.

गुणांचंही तसंच. विजयाला ३ आणि बरोबरीला १ या हिशेबाने फाशाचा संघ सरासरी ३२ गुण मिळवतो. पण तो दर वर्षी ३२ वर थांबत नाही. तीन वर्षांतून साधारण दोन वर्षं तो २६ ते ३८ च्या मध्ये कुठेतरी असतो आणि तिसऱ्या वर्षी त्याच्याही बाहेर. आता २०२४-२५ च्या तक्त्यात बघा. ३८ गुण म्हणजे तिसऱ्या स्थानावरच्या बेंगळुरूचे गुण. २७ गुणांवर चेन्नईयिन अकराव्या स्थानावर होता. म्हणजे एकच संघ, तसूभरही न बदलता, एका वर्षी तिसरा आणि दुसऱ्या वर्षी अकराव्याच्याही खाली जाऊ शकतो. तिसरा आला की प्रशिक्षकाचा सत्कार आणि बारावा आला की हकालपट्टी. मुंबई सिटी त्या हंगामात ३६ गुणांवर सहावी होती.

"पण मामा, टीम म्हणजे काई फासा नसते." हे त्याने योग्यच म्हटलं. त्याच हंगामात मोहन बागानने २४ सामन्यांत ५६ गुण घेतले. फाशाने ५६ गुण आणायचे तर, वर्षाला एक हंगाम या हिशेबाने, आयुष्य पुरणार नाही. तिथे पैसा होता, खेळाडू होते, मेहनत होती. सगळं नशीब आहे असं मी म्हणतच नाही. नशिबाचा वाटा केवढा मोठा आहे, हे न मोजताच माणसाची भाकरी काढून घेऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

फुटबॉलमध्ये हा वाटा इतका मोठा का, याचं उत्तर मला आमच्याच जिल्ह्याच्या एका पोराने दिलं. प्रथमेश जावकर. बुलढाण्याचा धनुर्धर. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत त्याने जगातला पहिल्या क्रमांकाचा माइक श्लोसर याला १४९-१४८ असं हरवलं. कंपाउंड धनुर्विद्येत प्रत्येकाला १५ बाण मिळतात आणि एका बाणाला जास्तीत जास्त १० गुण. म्हणजे १५ वेळा कौशल्य मोजलं जातं आणि दर वेळी दहापर्यंतच्या पट्टीवर. १५० पैकी १४९! तिथे नशिबाला शिरायला फट उरत नाही. आता फुटबॉल घ्या. २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, सामन्याला सरासरी २.७. नव्वद मिनिटं बावीस माणसं धावतात, शेकडो पास होतात आणि निकाल लागतो तो दोन-तीन घटनांवर. चेंडू खांबाच्या आतल्या अंगाला लागला की बाहेरच्या, यावर महिन्याभराच्या सरावाचं माप ठरतं. प्रथमेशच्या खेळात एक बाण चुकला तर चौदा बाण साक्षीला असतात. फुटबॉलच्या प्रशिक्षकाला असे साक्षीदार मिळत नाहीत.

हे फासे-बिसे माझ्या घरातले. पण बास टर वील नावाच्या डच अर्थशास्त्रज्ञाने हाच प्रश्न खऱ्या सामन्यांवर तपासला आहे. त्याने नेदरलँड्सच्या वरिष्ठ लीगचे १९८६ ते २००४ पर्यंतचे हंगाम घेतले. ज्या क्लबांनी वाईट काळात प्रशिक्षक काढला, ते पुढच्या सामन्यांत सावरले. इथपर्यंत चाहत्यांचंच खरं. पण त्याने दुसरा गट शोधला: तितकेच घसरलेले, तरीही प्रशिक्षक न काढलेले क्लब. तेही तसेच सावरले. ताप उतरणारच होता, पण ज्याने त्याच दिवशी हातात गंडा बांधला त्याने श्रेय गंड्याला दिलं. संघ तळाला असतानाच माणसाला काढतात आणि तळापासून वाट वरच जाते. नवा माणूस त्या चढणीला येऊन उभा राहतो, एवढंच.

आणि या गंड्याची किंमत? डिसेंबर २०१८ मध्ये मँचेस्टर युनायटेडने जोसे मोरिन्हो यांना मुदतीआधी काढलं. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना भरपाई म्हणून क्लबने १ कोटी ९६ लाख पौंड मोजले. तेव्हाच्या दराने हे होतात पावणेदोनशे कोटी रुपयांच्या घरात. चेल्सीने अँटोनियो काँते यांच्या वेळी, कोर्टाच्या खर्चासकट, २ कोटी ६६ लाख पौंड घालवले. हे पैसे काम केल्याचे नाहीत. काम थांबवल्याचे आहेत.

पावणेदोनशे कोटी या आकड्याने खामगावच्या माणसाच्या डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. म्हणून सोयाबीनमध्ये सांगतो. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. त्या भावाने मोरिन्हो यांना घरी पाठवायचा खर्च होतो सव्वातीन लाख क्विंटल सोयाबीन. दहा-दहा टनांच्या ट्रकांत भरलं तर ३,२०० हून जास्त ट्रक. एकामागे एक लावले, प्रत्येकाला दहा मीटर जागा दिली, तर रांग ३२ किलोमीटरच्या वर जाते, म्हणजे खामगावहून निघून शेगावला पोचून पुन्हा खामगावच्या वेशीपर्यंत. आणि आपल्याकडच्या शेतकऱ्याला तर बाजारात तो हमीभावही धड मिळत नाही. एका माणसाला खुर्चीतून उठवायला एवढी रांग लागते, हे नंतर कळलं तेव्हा भाचा बराच वेळ बोलला नाही. त्याच्या घरी चार एकर सोयाबीन असतं.

मँचेस्टर युनायटेडचंच पुढे सांगतो, कारण भाच्याच्या खोलीत मुंबई सिटीच्या शेजारी त्यांचाही झेंडा आहे. खामगावपासून मँचेस्टर सरळ रेषेत सुमारे ७,४०० किलोमीटर. तिथे अॅलेक्स फर्ग्युसन ६ नोव्हेंबर १९८६ ला आले. पहिला चषक, एफए कप, १७ मे १९९० ला मिळाला. मधे १,२८८ दिवस गेले. त्या दिवसांत शेजारच्या मँचेस्टर सिटीकडून १-५ अशी हारही पदरी पडली होती, आणि डिसेंबर १९८९ मध्ये त्यांच्याच मैदानावर तीन वर्षांच्या सबबींचा हिशेब मागणारा, त्यांना निरोप देणारा फलक फडकला होता. क्लबने ऐकलं नाही. सगळी कारकीर्द धरून १,५०० सामने, १३ लीग विजेतेपदं, ३८ चषक. मे २०१३ ला ते स्वतः उठले, तोवर साडेसव्वीस वर्षं झाली होती. त्यानंतर नोव्हेंबर २०२४ पर्यंतच्या साडेअकरा वर्षांत, हंगामी धरून, त्या खुर्चीवर दहा माणसं बसली. सगळ्यांत आखूड कारकीर्द मात्र इंग्लंडमधल्याच टॉर्की क्लबमधली. मे २००७ मध्ये तिथे लिरॉय रोझेनियर यांची नेमणूक जाहीर झाली आणि दहा मिनिटांत क्लब विकला गेल्यामुळे ते गेलेही.

भाच्याने मग वेगळीच बाजू काढली. एवढे सगळे लोक एकच गोष्ट म्हणतात, ते सगळे चुकीचे कसे? प्रश्न साधा नाही. फिफाच्या हिशेबाने २०२२ चा विश्वचषक या ना त्या मार्गाने सुमारे ५०० कोटी लोकांपर्यंत पोचला. आमच्या जिल्ह्याचं क्षेत्रफळ ९,६६१ चौरस किलोमीटर. ही सगळी माणसं बुलढाणा जिल्ह्यात आणून उभी केली, घाट, धरणं, शेतं, सगळं व्यापून टाकलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन चौरस मीटरही जागा येणार नाही. आणि प्रशिक्षकाबद्दल प्रत्येकाला फक्त दहा सेकंद बोलू दिलं, एकामागून एक, तर ऐकून व्हायला १,५८४ वर्षं लागतील. आपल्या शेजारच्या अजिंठ्यात वाकाटकांच्या काळातली लेणी कोरायला घेतली, त्याच्याही आधी पहिल्याने बोलायला सुरुवात केली असती, तर शेवटच्याचं आत्ता कुठे संपलं असतं.

एवढा आवाज ऐकून निर्णय करणं कुणालाच शक्य नाही. पण आवाज खोटा नसतो. १३ जुलै १९९७ ला सॉल्ट लेकवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान फेडरेशन चषकाच्या उपांत्य फेरीत भिडले तेव्हा १,३१,७८१ प्रेक्षक होते. आमच्या जिल्ह्यात दर वीस माणसांतला एक उठून गेला तर एवढी गर्दी होईल. ते लोक खेळाडूंइतकेच दोन प्रशिक्षकांसाठी आले होते: बागानचे अमल दत्ता आणि ईस्ट बंगालचे पी. के. बॅनर्जी. दत्तांच्या नव्या 'डायमंड' रचनेने आधीच्या सामन्यात चर्चिल ब्रदर्सला ६-० चिरडलं होतं. त्या दिवशी बायचुंग भुतियाने तीन गोल केले आणि ईस्ट बंगाल ४-१ जिंकला. एका सामन्याने दत्ता मूर्ख ठरले का? त्याच्या आधीच्या सामन्याने ते द्रष्टे ठरले होते का? लाख माणसं प्रेमाने ओरडतात, आणि प्रेमाला मागचा सामना तेवढा आठवतो.

आता आपल्या महाराष्ट्राचं. पुणे सिटी हा क्लब २०१४ ला सुरू झाला. पाच हंगामांत, हंगामी धरून, त्याने सात प्रशिक्षक पाहिले. सगळ्यांत चांगली कामगिरी २०१७-१८ ची, रँको पोपोविच यांच्या हाताखाली उपांत्य फेरी. पुढच्या हंगामाला नवा माणूस आणला, मिगेल अँखेल पोर्तुगाल, आणि तीन सामन्यांत त्याला काढलं. २०१९ मध्ये क्लबच बंद झाला.

पण मला खरी हळहळ वाटते ती मुंबई एफसीची. हा मुंबई सिटीहून वेगळा, आय-लीग या दुसऱ्या लीगमधला, कूपरेजवर खेळणारा जुना क्लब. २००९ ते २०१६ अशी सात वर्षं तिथे खालिद जमील प्रशिक्षक होते. चषक नाही, मोठं नाव नाही, पैसे बेताचे. पण सातही वर्षं संघ लीगमध्ये टिकून राहिला. वरच्या जागा दिसत नव्हत्या म्हणून नवं काही हवं असं वाटलं असेल. २०१६ मध्ये क्लबने जमील यांना सोडलं. नवा प्रशिक्षक आला, हंगामाच्या मध्येच तोही बदलला, आणि २०१६-१७ ला दहा संघांच्या लीगमध्ये मुंबई एफसी दहावी आली. खालच्या श्रेणीत गेली. मग क्लब बंद पडला.

आणि जमील? ते मिझोरममध्ये आयझॉल एफसीला गेले. मिझोरम राज्याची लोकसंख्या २०११ ला १०,९७,२०६ होती, म्हणजे आमच्या एका बुलढाणा जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. आधल्या हंगामात हा संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता, गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली म्हणून त्याला परत जागा मिळाली. ३० एप्रिल २०१७ ला, शेवटच्या सामन्यात, शिलाँग लाजाँगविरुद्ध आधी मागे पडून त्यांनी १-१ बरोबरी केली. १८ सामन्यांत ३७ गुण. मोहन बागान ३६. आयझॉल भारताचा विजेता झाला. सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांनी 'सॉकरनॉमिक्स'मध्ये दाखवलंय की दीर्घकाळात क्लबचं स्थान जवळजवळ नव्वद टक्के खेळाडूंच्या पगारावर ठरतं. त्या नियमाला आयझॉलने एका वर्षापुरता मोठा तडा दिला.

इथे भाच्याने मला बरोबर पकडलं. "म्हंजे मामा, आयझॉलनं कोच बदलवला म्हणूनच जिंकले ना!" खरं आहे. बदल कधीच करू नये असं कुणी म्हणत असेल तर तेही चूक. जमील बदलानेच तिथे पोचले. फरक इतकाच की आयझॉलने त्यांना हंगामाच्या आरंभी आणलं आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत ठेवलं. मुंबईच्या क्लबने सात वर्षांचा टिकाव हा आकडाच धरला नाही, कारण तो चषकासारखा कपाटात ठेवता येत नाही.

गोव्याचं उदाहरण त्याहून अवघड. ३१ जानेवारी २०२० ला एफसी गोवाने सर्जिओ लोबेरा यांना काढलं, तेव्हा साखळी फेरीचे फक्त तीन सामने उरले होते. क्लिफर्ड मिरांडा यांनी सूत्रं घेतली. तीनही सामने जिंकले, १४ गोल केले, ३९ गुणांसह गोवा अव्वल. मग उपांत्य फेरीत चेन्नईयिनकडून एकूण ५-६ असे हरले. काढणं बरोबर की चूक? तीन सामने एक सांगतात, पुढचे दोन दुसरं. लोबेरा मुंबई सिटीत आले आणि पुढच्याच हंगामात साखळी फेरीची शिल्ड आणि चषक दोन्ही जिंकून गेले. पाच सामन्यांच्या पुराव्यावर मी बँकेत कुणाला शंभर रुपयांचं कर्ज मंजूर केलं नसतं.

तेच खालिद जमील १ ऑगस्ट २०२५ ला भारताच्या संघाचे प्रशिक्षक झाले. त्या जागेसाठी १७० अर्ज आले होते. सप्टेंबरमध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून संघ मध्य आशियाई स्पर्धेत तिसरा आला, देशभर कौतुक झालं. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरने २-१ हरवलं आणि आशिया चषकाची वाट बंद झाली. नोव्हेंबरमध्ये बांगलादेशकडून ०-१. नेमणुकीला चार महिनेही झाले नव्हते. भाच्याचा फोन आला, पण या वेळी त्याने "हाकला" म्हटलं नाही. "मामा, किती मॅची झाल्या?" असं विचारलं.

एक गोष्ट मधली राहिली. पाडव्यानंतर महिन्याने, ३० एप्रिलला, अक्षय्य तृतीया होती. मी त्याला घेऊन जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला गेलो. साडेतीनशे वर्षांची म्हणून सांगितली जाणारी घटमांडणी तिथे होते. संध्याकाळी शेतात गोलाकार अठरा धान्यं मांडतात. मध्यभागी पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, पाण्याचा करवा, आणि राजाच्या गादीसाठी पानाचा विडा आणि सुपारी. रात्रभर कुणी फिरकत नाही. पहाटे येऊन कुठला दाणा हलला, विडा जागेवर आहे की सरकला, ते पाहून पीकपाणी आणि राजा कायम की नाही ते सांगतात. त्या भाकितांवर विश्वास ठेवावा की नाही हा वाद वेगळा आणि तो चालू राहावा. मला त्या शेतात उभं राहून एवढंच दिसलं की विडा वर्षातून एकदाच पाहतात. मृगात पाऊस लांबला म्हणून कुणी परत जाऊन राजाचा विडा उचकटत नाही.

फुटबॉल प्रशिक्षकाचाही विडा वर्षातून एकदाच पाहावा, हा माझा निकाल. हंगाम पुरा होऊ द्यावा, २४ च्या २४ सामने. खेळाडूंचा छळ, पैशांची अफरातफर, असं काही असेल तर त्याच दिवशी काढा. त्याला आकडे लागत नाहीत. पण नुसत्या हारींसाठी २४ सामन्यांच्या आत कुणालाही हात लावू नये.

तुमच्या क्लबने सलग तीन सामने गमावले, आणि तुमचं बोट "कोच बदलवा" लिहायला फोनकडे गेलं, तर आधी घरातला लुडोचा फासा शोधा. २४ वेळा टाका. १-२ ला हार, ३-४ ला बरोबरी, ५-६ ला विजय, कागदावर ओळीने लिहीत जा. पाच मिनिटं लागतात. त्या कागदावर सलग तीन हारी दिसल्या तर तो कागद जपून ठेवा, आणि हंगाम संपेपर्यंत थांबा.